दिवस राहण्याआधीची गोळी

दिवस राहिले की आपल्या घरांतून काळजीला सुरुवात होते. मुंबईहून, पुण्याहून, साताऱ्याहून फोन वाढतात. पपई खाऊ नको, जड उचलू नको, सांजवेळी एकटी बाहेर जाऊ नको, अशा सूचना येऊ लागतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरते, मीना बाजारात हिरव्या साडीची आणि बांगड्यांची खरेदी होते. माहेरी जायचे की इथेच बाळंत व्हायचे, आईला व्हिसा कधी काढायचा, याची गणिते जेवणाच्या टेबलावर मांडली जातात. हे सारे योग्यच आहे. परदेशात सासर-माहेर दोन्ही लांब असताना तर या काळजीचा आधारच वाटतो.

परंतु बाळाच्या शरीरातले एक फार मोठे काम ही काळजी सुरू होण्याच्या आधीच पुरे झालेले असते. ते काम म्हणजे मेंदू आणि पाठीचा कणा यांची पहिली घडण. त्यात राहून गेलेली त्रुटी पुढे कितीही दूधतूप खाऊन भरून निघत नाही. ती टाळण्यासाठी जी साधी, स्वस्त गोळी आहे, ती दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावी लागते. या अंकात त्या गोळीविषयी, आणि ती घेऊनही किंवा न घेता दोष निघालाच तर काय करायचे याविषयी, सविस्तर लिहीत आहोत.

पहिले अठ्ठावीस दिवस

करंजी करताना आपण सपाट पारी घेतो, तिच्या दोन कडा उचलतो आणि एकमेकींना चिकटवतो. गर्भाच्या पाठीवर अगदी तसेच घडते. तिसऱ्या आठवड्यात पेशींची एक सपाट पट्टी तयार होते, तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि मध्यभागी जुळून एक नळी बनते. तिला मज्जानलिका म्हणतात. नळीच्या वरच्या टोकातून मेंदू घडतो आणि उरलेल्या भागातून मज्जारज्जू. नळी पूर्ण मिटण्याचे काम गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी संपते.

वरचे टोक उघडे राहिले तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी बनतच नाही. याला ॲनेनसेफली म्हणतात. अशी मुले पोटातच दगावतात किंवा जन्मानंतर काही तासांत, फार तर काही दिवसांत जातात. खालचा भाग उघडा राहिला तर पाठीच्या मणक्यांत फट राहते आणि त्यातून मज्जारज्जू व त्याची आवरणे बाहेर येतात. हा स्पायना बायफिडा, म्हणजे दुभंगलेला कणा. तिसरा प्रकार कवटीच्या फटीतून मेंदूचा भाग बाहेर येण्याचा. तो तुलनेने कमी आढळतो.

आता थोडा हिशेब करू. पाळी अठ्ठावीस दिवसांची धरली तर गर्भधारणा साधारण चौदाव्या दिवशी होते. नळी मिटते ती त्यानंतर अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे शेवटच्या पाळीपासून बेचाळिसाव्या दिवशी. पाळी चुकल्याचे आपल्या लक्षात येते एकोणतिसाव्या-तिसाव्या दिवशी. तेव्हा हातात उरतात जेमतेम दोन आठवडे. त्यातले काही दिवस ‘बघू अजून दोन-चार दिवस’ यात जातात, काही फार्मसीतून चाचणीची पट्टी आणण्यात, आणि काही डॉक्टरांची वेळ मिळण्यात. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा पुष्कळदा आठवा-नववा आठवडा उजाडलेला असतो. डॉक्टर चिठ्ठीवर फॉलिक ॲसिड लिहितात आणि ते घ्यायलाच हवे, पण कण्यापुरते पाहिले तर करंजीची कड तोवर मिटलेली तरी असते किंवा उघडी राहिलेली तरी.

म्हणूनच या बाबतीत ‘दिवस राहिल्यावर बघू’ हे चालत नाही.

गोष्ट सुरू झाली ती परळला

ज्या जीवनसत्त्वाविषयी आपण बोलत आहोत त्याचा शोध मुंबईत सुरू झाला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून गरोदर स्त्रियांमधल्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध त्या घेत होत्या. गरीब वस्तीतल्या बायकांत, गिरण्यांत राबणाऱ्यांत आणि पडद्यात राहणाऱ्यांत हा रोग फार होता. लोह देऊन तो बरा होत नसे. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते घरोघर जाऊन पाहिले. ज्यांच्या ताटात पालेभाज्या, फळे, दूध जवळजवळ नसे त्यांनाच रोग जास्त होता. मग त्यांनी यीस्टचा एक स्वस्त अर्क देऊन पाहिला. इंग्रज लोक पावाला लावून खातात तो हा मार्माइट. बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली हे काम ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. यीस्टमधल्या त्या अनोळखी द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ असेच नाव पडले.

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड ठेवले. चार वर्षांनी, १९४५ मध्ये, लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेचे नेतृत्व भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. १९२०च्या दशकात शिक्षणासाठी समुद्र ओलांडून गेलेला हा आंध्रचा माणूस परत मायदेशी आला नाही, १९४८ साली तिकडेच वारला. आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांनी त्यांचे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

या द्रव्याचा आणि कण्याच्या दोषाचा संबंध असावा, अशी शंका १९६५ साली लिव्हरपूलच्या हिबार्ड आणि स्मिथेल्स या दोन डॉक्टरांनी मांडली. शंकेचा पुरावा व्हायला आणखी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत १,८१७ स्त्रियांवर मोठी चाचणी घेतली. या सर्वांना आधी असा दोष असलेले मूल झालेले होते. ज्यांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड मिळाले त्यांच्यात दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि १९९१ मध्ये तो जाहीर झाला. दुसऱ्याच वर्षी हंगेरीतील चाचणीने दाखवले की आधी असे मूल झालेले नसले तरीही, गर्भधारणेच्या आधीपासून घेतलेल्या फॉलिक ॲसिडयुक्त जीवनसत्त्वांचा फायदा होतो.

त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचीही अशी चाचणी चालू होती. १९८८ ते १९९१ या काळात ४६६ स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या. गोळी घेणाऱ्यांत दोष पुन्हा होण्याचे प्रमाण २.९२ टक्के होते आणि न घेणाऱ्यांत ७.०४ टक्के. इंग्लंडचा निकाल आल्यावर उरलेल्या स्त्रियांना गोळीविना ठेवणे योग्य नव्हते, म्हणून ही चाचणीही लवकर थांबवली गेली. संख्या लहान राहिल्याने एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही, पण दिशा तीच होती.

आपल्याला याची गरज अधिक का?

भारतात हा दोष विरळा नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात देशातले वेगवेगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा हजार जन्मांमागे सरासरी ४.१ असे प्रमाण निघाले. अमेरिकेत ते हजारी एकाच्याही खाली आहे. तिथे १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे झाले आणि त्यामुळे दर वर्षी सुमारे १,३०० मुले या दोषापासून वाचतात, असा तिथल्या सरकारी आरोग्यखात्याचा हिशेब आहे. आपल्या शेजारच्या ओमाननेही १९९०च्या दशकातच पिठात ते मिसळायला सुरुवात केली. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने सर्व देशांना तसा आग्रह करणारा ठराव केला.

आपण मात्र पोळ्या खातो त्या बहुधा गिरणीतून दळून आणलेल्या किंवा पाकिटातल्या आट्याच्या. भारतात २०१८ पासून पौष्टिक द्रव्ये मिसळलेल्या अन्नासाठी नियम आणि ‘+एफ’ असे निळे चिन्ह आहे, परंतु बाजारात मिळणाऱ्या आट्यात ती मिसळणे कंपनीच्या मर्जीवर आहे. बर दुबईतल्या दुकानातून पिशवी घेताना मागचा मजकूर वाचावा. ‘फॉलिक ॲसिड’ असे छापलेले नसेल तर ते त्यात नाही असेच धरावे.

‘आमच्याकडे रोज पालेभाजी असते’ असे कोणी म्हणेल. असावीच. पालक, मेथी, शेपू, हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे, संत्रे या सगळ्यांत हे जीवनसत्त्व असते. परंतु ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नाहीसे होते. भाजी चिरून धुतली, पाणी घालून खूप वेळ शिजवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम केली की थोडेच शिल्लक राहते. शिवाय भाजीतले फोलेट शरीरात जितके शोषले जाते त्याहून गोळीतले अधिक चांगले शोषले जाते. म्हणून दिवस राहण्याच्या काळात नुसत्या भाजीवर भिस्त ठेवून चालत नाही. भाजीही हवी आणि गोळीही हवी.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक गोष्ट. फॉलिक ॲसिडचे काम शरीरात बी-१२ या दुसऱ्या जीवनसत्त्वाशी हातात हात घालून चालते, आणि बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतेच. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले की पुणे परिसरातील पुरुषांपैकी जवळजवळ दोन तृतीयांशांच्या रक्तात बी-१२ कमी होते. पुढे २०११ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मज्जानलिकेचा दोष असलेल्या बाळांच्या आयांत, शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारे बी-१२ कमी आढळले. आयर्लंडमधील संशोधनातही तेच दिसले होते. तात्पर्य, चहापुरते दूध घेणाऱ्या शाकाहारी मुलीने फॉलिक ॲसिड सुरू करताना बी-१२ची रक्ततपासणी करून घ्यावी आणि कमी असल्यास तेही घ्यावे. केवळ फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रेने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि बी-१२च्या कमतरतेमुळे नसांना होणारी इजा मात्र आतल्या आत चालू राहू शकते.

किती, केव्हा, कोणी?

सर्वसाधारण निरोगी स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, घ्यावे. मूल हवे असे ठरल्यापासून, निदान एक महिना आधी, आणि जमल्यास दोन-तीन महिने आधी सुरू करावे. गर्भाचे बारा आठवडे पुरे होईपर्यंत चालू ठेवावे. मूल राहायला सहा महिने लागले तर सहा महिने घ्यावे. एवढ्या मात्रेने अपाय होत नाही.

पुष्कळ दिवस ठरवून राहत नाहीत, हेही आपण जाणतो. इथे नवे लग्न झालेल्या जोडप्यांचे बेत ठरलेले असतात: आधी फ्लॅट, मग बायकोचा व्हिसा, मग तिची नोकरी, मग मूल. आणि मूल पुष्कळदा यादीतला क्रम मोडून आधी येते. म्हणून ज्यांना दिवस राहण्याची शक्यता आहे आणि जे खबरदारी घेत नाहीत, त्यांनी गोळी सरळ रोजच घ्यावी.

काहींना मोठी मात्रा लागते, रोज ४ किंवा ५ मिलिग्रॅम. ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असते. यात पुढील स्त्रिया येतात:

– ज्यांना आधी असा दोष असलेले मूल झाले किंवा गर्भ राहिला होता. एकदा झाल्यावर पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात तीन असते आणि दोनदा झाल्यास ती दहाच्या घरात जाते.
– ज्यांना किंवा ज्यांच्या पतीला स्वतःला असा दोष आहे, किंवा जवळच्या नात्यात आहे.
– ज्यांना गरोदरपणाआधीपासून मधुमेह आहे. साखर काबूत आणूनच मूल राहू द्यावे. पहिल्या आठवड्यांतली वाढलेली साखर कण्याला व हृदयाला घातक असते.
– ज्या फिट्सवरील औषधे घेतात, विशेषतः सोडियम व्हॅल्प्रोएट. औषध परस्पर बंद करू नये. फिट आली तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो. मूल हवे असे ठरताच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून औषध बदलून घ्यावे.
– ज्यांचे वजन फार जास्त आहे, किंवा ज्यांना आतड्याचा असा आजार आहे की अन्न नीट शोषले जात नाही.

संधिवातासाठी किंवा त्वचारोगासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दिवस राहू देऊ नयेत. ते औषध फॉलिक ॲसिडचे काम थेट अडवते.

गोळ्यांच्या बाबतीत होणारा एक घोटाळा इथेच सांगतो. भारतातून येताना आपण बरोबर आणतो ती पिवळी, बारीक फॉलिक ॲसिडची गोळी बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. इथल्या फार्मसीत दोन्ही प्रकार मिळतात. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांतला फरक पाकिटावर नीट पाहून घ्यावा. तसेच भारतात सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून देतात. ती रक्तासाठी उत्तम आहे, पण कण्यासाठी ती उशिराची आहे.

पहिल्या आठवड्यांत तापाकडेही दुर्लक्ष करू नये. फार चढलेला ताप मज्जानलिकेला बाधतो. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे, ताप उतरवावा. जिममधले सॉना आणि गरम पाण्याचे टब या काळात टाळावेत.

तपासण्या कोणत्या आणि केव्हा?

पहिली सोनोग्राफी अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान होते. कवटी न बनल्याचा दोष यातच बहुधा कळतो. सोळा ते अठरा आठवड्यांच्या सुमारास आईच्या रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन तपासतात. नळी उघडी असेल तर ते वाढलेले असते. जुळी असली किंवा तारखेचा हिशेब चुकला असला तरीही ते वाढते, म्हणून एका आकड्याने घाबरून जाऊ नये. अठरा ते बावीस आठवड्यांत बाळाच्या प्रत्येक अवयवाची सविस्तर सोनोग्राफी होते. स्पायना बायफिडा बहुतांशी तिच्यात दिसतो. ही सोनोग्राफी कोणत्याही कारणाने चुकवू नये, ‘पुढच्या महिन्यात भारतात जाणारच आहे, तिकडे करू’ असेही म्हणू नये.

एक समज दूर करणे जरूर आहे. कंबरदुखीसाठी काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात पुष्कळांना ‘स्पायना बायफिडा ऑकल्टा’ असे शब्द सापडतात आणि पोटात गोळा येतो. ही मणक्यातील त्वचेखालची छोटी फट असते. बहुतेकांना ती आयुष्यभर काही त्रास देत नाही. आपण ज्याविषयी लिहीत आहोत तो उघडा दोष वेगळा.

दोष निघालाच तर

सोनोग्राफीच्या टेबलावर ही बातमी कळते तेव्हा पायाखालची जमीन सरकते. घर दूर, भाषा परकी, हातात इंग्रजी अहवाल. अशा वेळी पहिले काम म्हणजे गर्भवैद्यकाच्या तज्ज्ञाकडून पुन्हा नीट तपासणी करून घेणे. दोष कुठल्या मणक्यापाशी आहे, डोक्यात पाणी साठले आहे का, पाय हलतात का, इतर अवयव ठीक आहेत का, हे चार प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तरेही लिहून घ्यावीत. दोष जितका खाली, तितकी पायांतील ताकद चांगली राहण्याची शक्यता अधिक. शक्य असल्यास लहान मुलांच्या न्यूरोसर्जनशीही बाळंतपणाच्या आधीच बोलून घ्यावे.

कवटीच न बनलेल्या गर्भाबाबत प्रश्न निराळा असतो. अमिरातीतील नियमांनुसार गर्भाचा गंभीर दोष वैद्यकीय समितीने मान्य केला तर गर्भपाताला परवानगी मिळू शकते, पण गर्भ १२० दिवसांपेक्षा मोठा नसावा लागतो. सविस्तर सोनोग्राफीची वेळ त्यानंतरची असते, म्हणून अकरा-तेरा आठवड्यांची सोनोग्राफी इथे फार महत्त्वाची ठरते. भारतात पूर्वी वीस आठवड्यांची मर्यादा होती. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईच्या एका तरुण स्त्रीला, गर्भाला कवटी नसूनही, चोविसाव्या आठवड्यात थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. केईएम रुग्णालयातील डॉक्टरांचा अहवाल पाहून न्यायालयाने परवानगी दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर असा गंभीर दोष असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने परवानगी मिळू शकते. काय करायचे हा निर्णय पतिपत्नींचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातलगांनी त्यात मत लादू नये. ज्यांना मूल जन्माला येऊ द्यायचे आहे त्यांचाही तितकाच मान राखावा.

स्पायना बायफिडाच्या बाळांना आज जगण्याची आणि चांगले जगण्याची संधी आहे. बाळंतपण अशा रुग्णालयात व्हावे जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि मेंदूचे शल्यचिकित्सक दोन्ही आहेत. पाठीवरची जखम निर्जंतुक, ओलसर कापडाने झाकून ठेवतात आणि बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रियेने बंद करतात. पुष्कळ बाळांच्या डोक्यात पाणी साठते. ते पोटात वाहून नेणारी बारीक नळी बसवतात, तिला शंट म्हणतात. अशा नळीचा एक यशस्वी व्हॉल्व १९५६ साली फिलाडेल्फियात जॉन होल्टर या यंत्रकामगाराने बनवला. त्याच्या स्वतःच्या मुलालाच हा आजार होता. पोटात असतानाच कण्यावर शस्त्रक्रिया करण्याचा मार्गही आता आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत पोटात शस्त्रक्रिया झालेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षभरात शंट लागला, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८२ टक्क्यांना. मात्र यात वेळेआधी बाळंत होण्याचा आणि गर्भाशयाची भिंत कमकुवत होण्याचा धोका असतो, आणि ती मोजक्याच केंद्रांत, सव्वीस आठवड्यांच्या आत करतात.

पुढे आईवडिलांना सर्वांत जास्त सांभाळावे लागते ते मूत्राशय. लघवी नीट होत नाही, साठते आणि हळूहळू मूत्रपिंडे खराब करते. १९७२ साली अमेरिकेच्या डॉ. लॅपिडेस यांनी दाखवले की दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढली तर मूत्रपिंडे वाचतात. हे आईवडील घरी शिकू शकतात आणि मूल शाळेच्या वयात स्वतः करू शकते. या मुलांना रबराच्या लेटेक्सची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे, फुगे यांपासून जपावे. शंट असलेल्या मुलाला डोकेदुखी, सारखी उलटी किंवा अतिझोप सुरू झाली तर रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. बहुतेक मुले शाळेत जातात, अभ्यास करतात. मुंबईत स्पायना बायफिडा फाउंडेशन ही संस्था अशा कुटुंबांसाठी काम करते. दुबईत २०१७ पासून सरकारी भाषेत अपंग हा शब्द जाऊन ‘पीपल ऑफ डिटरमिनेशन’, म्हणजे जिद्दीची माणसे, हा शब्द आला आहे. त्यांच्यासाठी सनद कार्डही मिळते, त्याची चौकशी करावी.

दोष कोणाचा?

असे बाळ झाले की घरात कुजबुज सुरू होते. ग्रहणात सुरी हातात घेतली असेल, वेळी-अवेळी बाहेर गेली असेल, नोकरी सोडली नाही, इतक्या उन्हाच्या देशात कशाला गेली. ग्रहणाचा आणि मज्जानलिकेचा काही संबंध नाही. फॉलिक ॲसिडने दहांतली सुमारे सात बालके वाचतात, म्हणजेच तीन गोळी घेऊनही वाचत नाहीत. त्यामागे आईवडील दोघांकडून आलेली जनुके आणि आजवर न उलगडलेली कारणे असतात. गोळी घेतली नव्हती म्हणून आईला बोल लावणेही तितकेच अन्यायाचे आहे. ज्या गोष्टीची तिला कोणी आधी कल्पनाच दिली नाही, ती तिने कशी करावी?

म्हणून ही कल्पना आधी देणे हे आपणा सर्वांचे काम आहे. ज्यांची मुले अल वस्ल रुग्णालयात झाली (२०१२ पासून त्याचे नाव लतीफा आहे) त्या आमच्या वयाच्या मैत्रिणींपैकी किती जणींना लग्नाआधी कोणी फॉलिक ॲसिडचे नाव सांगितले होते? आता आपल्या मुली आणि सुना त्या वयात आल्या आहेत. लग्नाच्या याद्यांत मंगल कार्यालय, केटरर, भटजी, मेंदी सारे असते. त्यात ही एक गोळी लिहून टाका. आणि पुरुष मंडळींनो, हा लेख बायकांचा म्हणून पान उलटू नका. रात्री गोळीची आठवण करून देणे तुमच्याही हातात आहे.

कापून फ्रीजवर लावावे

१. मूल हवे असे ठरताच, निदान एक महिना आधीपासून: फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, बारा आठवड्यांपर्यंत.
२. आधी असे मूल झाले असेल, मधुमेह असेल, फिट्सची औषधे चालू असतील: मोठी मात्रा, डॉक्टरांना विचारून.
३. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा.
४. ११–१३ आठवडे पहिली सोनोग्राफी, १८–२२ आठवडे सविस्तर सोनोग्राफी. दोन्ही चुकवू नयेत.
५. पाळी चुकली आणि गोळी घेतलेली नाही? आजच सुरू करा, आणि डॉक्टरांची वेळ घ्या.